कोरोनाच्या निर्बंधांत क्रूझने नेपल्सला गेलेल्यांनी शहर खरंच पाहिलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचे मावसभाऊ २०२१ मध्ये जर्मनीहून क्रूझला गेले, नेपल्सला उतरले आणि परत आल्यावर म्हणाले, "बसच्या काचेतून शहर दाखवलं, पैसे उकळले." याला शहर पाहणं म्हणायचं का? आणि पुन्हा तशी साथ आली तर नागपूरहून आईबाबांना घेऊन निघावं का?

मी नागपुरात व्हिसा आणि प्रवासाची कागदपत्रं करून देण्याचं काम करते. "पैसे उकळले" हे वाक्य मी त्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या पुण्याच्या भावजींचंही हेच मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

आधी नेपल्सची जागा समजून घ्या, म्हणजे चिडचिड कशाची होती ते कळेल. जहाज लागतं मोलो आंजोईनो या धक्क्यावर. स्टात्सिओने मारित्तिमा या टर्मिनलमधून बाहेर पडलं की समोर पियात्सा मुनिचिपिओ आणि कास्तेल नुओवो हा मधल्या युगातला किल्ला. चालत दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. रोमसाठी जहाज चिविताव्हेक्कियाला लागतं, तिथून रोम सत्तरेक किलोमीटर दूर, त्यामुळे टूरची बस घेतली तर कोणाला वाईट वाटत नाही. नेपल्सला मात्र शहर अगदी गँगवेच्या (जहाजातून उतरायच्या शिडीच्या) तोंडाशी असतं. पिझ्झाचा वास येईल इतक्या जवळ आहे आणि तेव्हा सांगत होते की बसमध्येच बसा, गटाबरोबरच फिरा. राग येणारच.

पण ही अट कंपनीने मजेखातर घातली नव्हती. इटलीने ऑगस्ट २०२० मध्ये क्रूझला पुन्हा परवानगी दिली तीच आरोग्याच्या अटींवर. १६ ऑगस्ट २०२० ला एमएससी ग्रांदिओसा हे क्रूझ जहाज जिनोआहून निघालं. वाटेत चिविताव्हेक्किया, नेपल्स, पालेर्मो आणि माल्टाचं व्हॅलेटा. चढण्याआधी प्रत्येकाचं तापमान, आरोग्याचा फॉर्म आणि अँटिजेन स्वॅब. किनाऱ्यावर फक्त जहाजाच्याच टूरने उतरायचं, यालाच बबल म्हणत. त्याच पहिल्या फेरीत नेपल्सला एक कुटुंब टूरच्या गटातून बाजूला झालं आणि आपलं आपण फिरून आलं. जहाजाने त्यांना परत चढू दिलं नाही. ही बातमी जगभर छापून आली आणि आपल्याकडेही लोक हळहळले, मुलाबाळांसकट माणसं धक्क्यावर सोडली म्हणून.

माझं मत स्पष्ट आहे: बरोबर केलं. पुढचं बंदर पालेर्मो, त्याच्या पुढचं व्हॅलेटा. प्रत्येक बंदरात शिरण्याआधी कप्तानाला जहाजावरच्या आरोग्याचं घोषणापत्र द्यावं लागतं. आजारी कोणी आहे का, किती जण, कधीपासून, संसर्गाचा संशय आहे का, हे सगळं लिहून त्याच्या सहीने जातं. ते पाहून बंदराचा आरोग्य विभाग उतरायची मोकळीक देतो. जहाजं अजूनही पिवळा झेंडा लावतात तो ही मोकळीक मागण्यासाठीच. आता एक कुटुंब नेपल्सच्या गल्ल्यांत तीन तास कुठे बसलं, कोणाशी बोललं, याचा पत्ताच नसेल तर कप्तानाने त्या कागदावर सही कशाच्या आधारावर करायची? गटात कोणी बाधित निघाला तर बस नंबर, सीट नंबर, गाईड कोण, सगळं यादीत सापडतं. बबल होता तो एवढ्यासाठी. भावजी म्हणतात, "टूर विकायचा बहाणा होता." टूरवर कंपनीला नफा होतो हे खरंच आहे, तो कोरोनाआधीही होत होता. पण गटाशिवाय उतरू दिलं असतं तर तेव्हा मुळात जहाजच निघालं नसतं.

आणि ही भीती हवेतली नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाला डायमंड प्रिन्सेस हे क्रूझ जहाज अडकलं तेव्हा ३७११ जणांपैकी ७१२ बाधित निघाले. त्यावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ कर्मचारी. प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद होते, आणि त्यांची जेवणाची ताटं दारापर्यंत पोचवत होते ते हेच कर्मचारी. स्वतः मात्र ते दोघे-दोघे, कधी त्याहून जास्त, एका खोलीत राहत होते. म्हणून "आम्हाला पिझ्झा खायला उतरू दिलं नाही" ही तक्रार ऐकली की मला त्यांची आठवण येते. नंतरच्या निर्बंधांतल्या बहुतेक फेऱ्यांमध्ये अशा कर्मचाऱ्यांना कुठल्याही बंदरात पाय ठेवायची मुभा नव्हती.

काहींना हे फार लांबचं वाटतं, म्हणून आपल्या दारातलं सांगते. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला मुंबईहून गोव्याला गेलेल्या क्रूझवर सुमारे दोन हजार जणांच्या तपासणीत ६६ बाधित निघाले आणि जहाज मुंबईला परत आलं. उलटही होतं. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटम ऑफ द सीज या जहाजावर ८३ वर्षांचे एक गृहस्थ पॉझिटिव्ह आले, सगळ्यांना केबिनमध्ये बसवून जहाज परत फिरवलं आणि नंतरच्या तपासणीत ते निगेटिव्ह निघाले. चाचणी चुकीची असली तरी प्रवास गेला तो गेलाच. निर्बंधांत तिकीट काढताना ही शक्यता धरूनच पैसे भरावे लागतात.

आता नेपल्सला प्रत्यक्ष काय पाहता येत होतं ते सांगते. त्या दिवसांत जहाजावर टूरचे गट वेगवेगळ्या वेळेला सोडत. गटाचा नंबर असलेला स्टिकर छातीवर, बस ठरलेली, गाईडचा आवाज कानातल्या रिसीव्हरवर, त्यामुळे दाटीवाटीने उभं राहावं लागत नसे. अर्ध्या दिवसाच्या टूरमध्ये दोनच गोष्टींतून निवड करण्यासारखी होती: शहराची बसफेरी किंवा पॉम्पेई. मी डोळे झाकून पॉम्पेई सांगत असे. सुमारे पंचवीस किलोमीटर. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं शहर, साधारण ६६ हेक्टरचं, त्यातलं एक तृतीयांश अजून खणायचं बाकी आहे. ते उघड्यावर आहे, म्हणजे साथीच्या दृष्टीनेही संग्रहालयापेक्षा बरं. आणि ते एरवीही गाईडबरोबर पाहिलेलंच बरं, त्यामुळे बबलने तुमचं काही हिरावलं जात नव्हतं. मावसभावांनी बसफेरी घेतली असेल तर काचेतून पाहिलं ही तक्रार खरी, पण निवड त्यांची होती.

आईबाबांसाठी मात्र इथे थांबून विचार करा. पॉम्पेईचे रस्ते म्हणजे लाव्हाचे मोठाले दगड, मधल्या फटी खोल, रथांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, आणि रस्ता ओलांडायला उंच ठेवलेले दगड. सावली जवळपास नाही. गटाबरोबर दोन तास चालावं लागतं आणि मधेच "तुम्ही व्हा पुढे, आम्ही इथे बसतो" असं म्हणता येत नाही, कारण गट सोडायचाच नाही ही अट. गुडघे दुखत असतील तर शहराची बसफेरीच घ्यावी. तिच्यात पोझिलिपोच्या टेकडीवरून सगळा आखात आणि मागे व्हेसुव्हियस दिसतो, तेही काही कमी नाही.

खरी अडचण मात्र धक्क्यावर येत नव्हती, ती नागपुरातच सुरू होत होती. इटली भारतीय पर्यटकांना पुन्हा मोकळी झाली १ मार्च २०२२ पासून. तेव्हाची सगळ्यात जास्त फसणारी गोष्ट म्हणजे कोरोनाच्या निगेटिव्ह रिपोर्टच्या मुदतीचे ७२ तास. ते मोजायचे नमुना घेतल्यापासून, रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे. समजा धरमपेठेत बुधवारी सकाळी दहाला स्वॅब दिला. संध्याकाळी रिपोर्ट, रात्रीची दुरांतो, गुरुवारी मुंबई, रात्री उशिराचं विमान, मधे एक बदल, शुक्रवारी दुपारी-संध्याकाळी जिनोआ. जहाजात चढायचं शनिवारी दुपारी बाराला. उन्हाळ्यात इटली आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन. झाले साडेसत्याहत्तर तास. रिपोर्ट बाद. मुंबईतल्या माणसाला जे जमतं ते नागपूरच्या माणसाला एका रात्रीच्या गाडीमुळे जमत नाही. उपाय एकच: गुरुवारी मुंबईत स्वॅब द्यायचा, आणि घाईत रिपोर्ट देणारी लॅब आधीच ठरवून ठेवायची.

दुसरं, नाव. आपल्याकडे लॅबचा माणूस विचारतो आणि आपण सवयीने नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सांगतो. बाईच्या आधारवर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं, कोविन या लसीकरणाच्या पोर्टलवर तिसरंच काहीतरी. रिपोर्ट पासपोर्ट समोर ठेवूनच लिहून घ्यायचा, पासपोर्ट नंबरासकट. कोविनवर दुरुस्ती एकदाच करता येत होती, त्यामुळे घाईघाईत अर्धवट दुरुस्ती केली की माणूस अडकला. त्यावर आधी पूर्ण जन्मतारीखही नसे. २०२१ च्या सप्टेंबर अखेरीस परदेशी जाणाऱ्यांसाठी ती सोय झाली, तरी जुनंच प्रमाणपत्र छापून नेणारे पुष्कळ होते.

तिसरं, लशीची मुदत. १ फेब्रुवारी २०२२ पासून युरोपीय संघाने पहिल्या दोन डोसची मान्यता प्रवासासाठी २७० दिवसांवर आणली. आपल्याकडे साठीच्या वरच्यांना तिसरा डोस मिळत होता तो दुसऱ्यानंतर ३९ आठवड्यांनी, म्हणजे २७३ दिवसांनी. तीन दिवसांची फट! २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये इमानेइतबारे रांगेत उभं राहून दोन्ही डोस घेतलेले ज्येष्ठच यात सापडले. परदेशी जाणाऱ्यांना ९० दिवसांनी डोस घ्यायची सूट आली ती मे २०२२ मध्ये.

व्हिसाबद्दल भावजी आणि मी कायम भांडतो. ते म्हणतात, बंदरं सगळी शेंगेनमधली (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतली) असली तर सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत शिरू देणारा व्हिसा, पुरतो. कागदावर पुरतो. पण निर्बंधांच्या काळात मार्ग ऐनवेळी बदलत होते. एक बंदर बंद झालं की जहाज दुसरीकडे वळतं, आणि ते दुसरं शेंगेनबाहेरचं निघालं तर सिंगल एंट्रीवाल्याचा परत येण्याचा हक्क संपतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आला, त्याआधी दुब्रोव्निकला लागणारं जहाज म्हणजे शेंगेनबाहेर पडलेलं जहाज. म्हणून क्रूझ असेल तर अर्जात मल्टिपल एंट्रीच मागावी आणि सोबत जहाजाचा पूर्ण मार्ग जोडावा. भावजींनी हे एकदा शांतपणे वाचावं.

किरकोळ दोन-तीन गोष्टी. बसमध्ये एफएफपी२ मास्क लागत, आपल्या एन९५ वर ती अक्षरं छापलेली नसतात, वाद टाळायला युरोपीय खुणेचे मास्क बरे. पासपोर्ट बऱ्याचदा जहाजाच्या रिसेप्शनला जमा होतो, म्हणून फोटोच्या पानाची आणि व्हिसाची प्रत खिशात. परत येताना भारत सरकारच्या एअर सुविधा या ऑनलाइन फॉर्ममध्ये १४ दिवसांत कुठे कुठे गेलात ते विचारत, त्यात जहाज लागलेला प्रत्येक देश धरावा लागे. हे सगळं आता लागू नाही, एअर सुविधाही नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालं. पुढच्या वेळी नियम वेगळे असतील, आकडे नक्कीच वेगळे असतील. नमुन्याची वेळ, नावाचा ताळमेळ आणि एंट्रीची संख्या या तीन ठिकाणी मात्र माणसं पुन्हा अडकतील.

आईबाबांना न्यावं का, याचं उत्तर त्यांच्या तब्येतीवर आणि विम्यावर आहे. शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण तो उपचाराचा. जहाजावर बाधित निघाले तर वेगळ्या केबिनमध्ये ठेवतात, पुढच्या बंदरात उतरवतात, आणि सोबतच्या निरोगी माणसालाही अडकावं लागतं. हॉटेलचे ते दिवस आणि हुकलेल्या विमानाचं नवं तिकीट पॉलिसीत आहे का, ते एजंटाच्या तोंडी भरवशावर न सोडता छापील अटींत वाचा. सत्तरीच्या पुढे बऱ्याच पॉलिसींत कव्हर कमी होतं आणि आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. वडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तो जाहीर करून, जास्त हप्ता भरूनच पॉलिसी घ्या. तशी पॉलिसी मिळत नसेल तर त्या वर्षी नेऊ नका.