भाड्याच्या ई-स्कूटरवर बंदी घालावी का, की नियम पुरेसे आहेत?

तुम्ही विचारताय त्या उभ्याने चालवायच्या, ॲपवरून मिळणाऱ्या स्कूटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे, बंदी नको, पण नियमांचा धाक चालवणाऱ्यापेक्षा कंपनीला जास्त हवा.

बंदी म्हटलं की सगळे पॅरिसचं नाव घेतात. तिथे एप्रिल २०२३ मध्ये लोकांचं मत घेतलं, जवळपास ८९ टक्के मतं विरोधात पडली आणि सप्टेंबरपासून साधारण १५ हजार स्कूटर हटल्या. पण मतदानाला आले ८ टक्क्यांहून कमी लोक, आणि मुख्य म्हणजे बंदी फक्त भाड्याच्या स्कूटरवर होती, स्वतः विकत घेतलेली स्कूटर चालवायला तिथे परवानगी राहिलीच. म्हणजे ज्यांचा वेग कंपनीला लांबून कमी करता येत होता, नेमक्या त्याच गेल्या!

आता सुरक्षिततेचं. चाकं इतकी छोटी असतात की साधा खड्डाही चाक अडवतो, आणि उभ्या माणसाचं वजन वर असल्याने तो हँडलवरून थेट तोंडावर पडतो, म्हणून डोक्याला नि चेहऱ्याला मार लागतो. हेल्मेट घालाच, पण वाटेत दिसली म्हणून स्कूटर घेणाऱ्याजवळ हेल्मेट कुठून असणार? त्यामुळे मला वेगमर्यादा जास्त महत्त्वाची वाटते. जर्मनीत ती ताशी २० किमी आहे. २५ वरून २० वर आलं तरी धडकेची ऊर्जा ३६ टक्क्यांनी कमी होते, आणि यासाठी पोलीस उभा करावा लागत नाही, मोटरच तेवढी चालते.

पार्किंगचा त्रास मात्र मला सगळ्यात जास्त खटकतो. फुटपाथवर आडवी पडलेली स्कूटर आपण ओलांडून जातो हो, पण पांढरी काठी घेऊन चालणारा माणूस तिला अडखळून पडतो आणि व्हीलचेअरवाल्याला सरळ रस्त्यावर उतरावं लागतं. नुसत्या जीपीएसवर हे सुटत नाही, त्यात काही मीटरचा फरक पडतो, फुटपाथ कुठे संपला हे त्याला नीट कळत नाही. रस्त्याच्या कडेला आखलेल्या जागा हव्यात, स्कूटर तिथे लावून फोटो टाकल्याशिवाय भाडं थांबायलाच नको आणि तरी चुकीची लागलेली दिसली तर दंड कंपनीला, ती ग्राहकाकडून वसूल करेल नाहीतर भरेल.

आणि परवाना देतानाच गाड्यांची संख्या ठरवा, अपघातांची माहिती दर महिन्याला द्यायची अट लेखी घाला, एकदा गाड्या रस्त्यावर आल्या की ती मागायला शहराच्या हातात काही उरत नाही.