कंसाआधीचं वजा चिन्ह

अरे, वितरण नियम, म्हणजे कंसाबाहेरच्या संख्येने आतल्या प्रत्येक पदाला गुणणं, तुला येतोच. ९८ × ७ तोंडी करताना ९८ म्हणजे १०० − २ धरून ७०० मधून १४ वजा करतोस ना, तोच हा. गाडी अडते ती कंसाआधीच्या वजा चिन्हापाशी. ७क्ष − ३(२क्ष − ५) घे. बरेच जण −६क्ष बरोबर लिहितात आणि पुढे घाईत −१५ लिहून मोकळे होतात. पण गुणायचंय −३ ने, आणि तेही कंसातल्या दोन्ही पदांना, म्हणून +१५. मी आजही प्रत्येक पदाकडे पेन्सिलीने बाण काढते. मग सरूप पदं, म्हणजे ७क्ष आणि −६क्ष, एकत्र केली की क्ष + १५. खात्री हवी तर क्ष = १ ठेवून बघ: मूळ राशीत ७ + ९ = १६, उत्तरातही १६. क्ष − १५ लिहिलं असतंस तर −१४ आले असते.