ट्युलिप तर हॉलंडचं फूल, मग तुर्कस्तान त्याला आपलं का म्हणतं?

कारण हॉलंडला ते तुर्कांकडूनच गेलं. हिंदी सिनेमातली गाणी पाहून आपल्याला ट्युलिप म्हटलं की पवनचक्क्या आठवतात, इतकंच! रानटी ट्युलिप मध्य आशियापासून अनातोलियापर्यंतच्या (म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागापर्यंतच्या) डोंगरउतारांवर आपोआप उगवतात. डच शहर लायडनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने कंद लावले ते 1593 मध्ये. तोवर इस्तंबूलच्या बागांत ही फुलं चांगलीच रुळली होती.

तुर्की नाव 'लाले'. अरबी लिपीत 'लाले' आणि 'अल्लाह' यांची अक्षरं तीच, फक्त क्रम वेगळा. म्हणून या फुलाला धार्मिक मानही मिळाला. तुर्कस्तानातल्या इझनिक गावच्या निळ्या-लाल फरश्यांवर ते जागोजागी दिसतं. इस्तंबूलची रुस्तम पाशा मशीद तर त्यासाठीच बघावी. मात्र उस्मानी (ऑटोमन साम्राज्यातल्या) लोकांना आवडायचा तो ट्युलिप आजच्यासारखा गुबगुबीत नव्हे, तर खंजिरासारख्या टोकदार, अरुंद पाकळ्यांचा.

सुलतान तिसरा अहमद याच्या राजवटीतल्या 1718 ते 1730 या काळाला 'लाले देवरी', म्हणजे ट्युलिपचं युग, असंच म्हणतात. त्या चैनीचा शेवट पात्रोना हलील या सैनिकाच्या बंडाने झाला. सुलतानाची गादी गेली, फुलाचा मान मात्र टिकला.