मरळीसाठी स्टीलची वायर लावायची का? लाइन, लीडर आणि गाठ कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तलावावर मरळीसाठी रबरी फ्रॉग (बेडकासारखं तरंगतं आमिष) टाकता, रिळावर २० पौंड ताण पेलणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन आहे, पुढे १२ पौंडाचा फ्लोरोकार्बनचा लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा), गाठ क्लिंच. महिनाभरात लाइन तुटून तीन फ्रॉग गेले. दुकानदार म्हणतो, मरळीला दात असतात, स्टीलची वायर लावा.

वायर लावू नका. मरळीला दात असतात हे खरं, पण ते टोचणारे आहेत, कापणारे नाहीत. युरोपातला पाइक किंवा आफ्रिकेतला टायगरफिश तंगूस कात्रीने कापल्यासारखा कापतो, म्हणून तिकडचे लोक वायर लावतात. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही वायरी विकायला आल्या. मरळ आमिष आवळून धरते आणि गवतात डोकं खुपसते. तुमची लाइन तुटते ती तिथे, किंवा त्याआधीच गाठीत. शिवाय वायरीच्या वजनाने फ्रॉगचं नाक पाण्यात जातं आणि तो पाण्यावर चालायचं सोडून बुडत-बुडत येतो. अशा फ्रॉगला मरळ ढुंकूनही बघत नाही.

आता एक विचारतो. लाइन तुटल्यावर हातात आलेलं टोक तुम्ही पाहिलंत का? बहुतेक जण चरफडत नवा फ्रॉग बांधायला घेतात. मीही तेच करायचो. पण सगळा पुरावा त्या टोकात असतो. लीडरचं टोक जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखं वेटोळं झालेलं असेल तर गाठ सरकली, मासा निर्दोष आहे. टोक पांढरट, खरबरीत असेल, मागे बोटभर लांबीवर ओरखडे असतील तर दगडावर किंवा बुडालेल्या बाभळीवर घासलं. एकदम स्वच्छ कापलेलं असेल तर दात, शिंपला किंवा धारदार दगड. आणि ब्रेडेडचं टोक कापसाच्या वातीसारखं पिंजलेलं असेल तर ती आधीपासूनच झिजत आली होती, मासा फक्त निमित्त झाला.

माझे पहिले चार-पाच फ्रॉग गेले तेव्हा टोक दर वेळी वेटोळं होतं. मी मात्र गावभर सांगत होतो की पाच किलोची मरळ होती.

तुमच्या मांडणीत मला दोन दोष दिसतात. पहिला म्हणजे क्लिंच. ही गाठ नायलॉनसाठी उत्तम आहे, कारण नायलॉनचा तंगूस थोडा दबतो आणि वेढे एकमेकांना धरून ठेवतात. ब्रेडेडचा धागा पॉलिएथिलीनचा, बारीक आणि बुळबुळीत. त्याच्यावर क्लिंचचे वेढे सुरगाठीसारखे निसटतात. त्यात ब्रेडेड जवळजवळ ताणत नाही. नायलॉन सहज वीसेक टक्के ताणतो आणि झटका थोडा खाऊन टाकतो. ब्रेडेडवर तुम्ही हिसका दिलात की तो सगळाच्या सगळा गाठीवर जातो. म्हणजे ब्रेडेडवर गाठ जास्त पक्की हवी, आणि आपण मारतो नेमकी उलटी.

दुसरा दोष तो लीडर. २० पौंडाच्या पुढे १२ पौंड लावलेत म्हणजे सगळी लाइनच १२ पौंडाची झाली. १२ पौंड म्हणजे साडेपाच किलो, त्यातून गाठीत जातं ते वेगळं. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसतो हे बरोबर, कारण त्यात प्रकाश जवळपास पाण्याइतकाच वळतो. पण जलपर्णीखाली, चहाच्या रंगाच्या पाण्यात, मरळ वरून चाललेल्या बेडकाकडे झेपावते तेव्हा ती लीडर बघत बसत नाही. त्यातून फ्लोरोकार्बन पाण्यापेक्षा बराच जड, तो बुडतो आणि फ्रॉगला खाली ओढतो. ब्रेडेड तरंगते.

म्हणून गवतातल्या मरळीसाठी माझा सल्ला साधा आहे: ४० ते ५० पौंडाची आठ पदरी ब्रेडेड आणि लीडर नाहीच, फ्रॉग थेट ब्रेडेडला. ५० पौंड ऐकून हसू नका. हे मरळीचं वजन नाही, मरळ अधिक डोक्यावर आलेलं अर्धी पाटी शेवाळ यांचं वजन आहे. शिवाय जाड ब्रेडेड गवताचे देठ कापत येते आणि दातांवर घासली तरी तग धरते. लाइनचा पौंड माशावरून नाही, मासा कुठे राहतो त्यावरून ठरवायचा. उघड्या पाण्यात, वाळूच्या तळावर तीच मरळ २० पौंडावर आरामात निघते. स्वस्त ब्रेडेड घेताना पौंडापेक्षा जाडीचा आकडा वाचा. पीई हा ब्रेडेडच्या जाडीचा क्रमांक: पीई २ म्हणजे साधारण ०.२३ मिलिमीटर, पीई ४ म्हणजे ०.३३. पाकिटावर ०.२३ आणि ८० पौंड असं एकत्र लिहिलेलं दिसलं तर पाकीट परत ठेवा.

गाठ पालोमार. सावकाश सांगतो. लाइन दुहेरी करून वीतभर पदर घ्या, ती घडी गळाच्या डोळ्यातून, म्हणजे भोकातून, काढा. आता त्या दुहेरी पदराची बुटाच्या नाडीला पहिली मारतो तशी साधी गाठ मारा, पण आवळू नका; गळ मधे लोंबत राहू द्या. पुढे उरलेल्या फासातून अख्खा गळ, म्हणजे तुमच्या बाबतीत अख्खा फ्रॉग, पार करा. फास डोळ्याच्या मागे आला की थुंकी लावा आणि दोन्ही पदर धरून एकसारखं ओढा. थुंकी हा विनोद नाही. सुकी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि पॉलिएथिलीन दीडशे अंशांच्या आतच वितळतं. धागा तिथेच मार खातो आणि तुम्हाला कळतही नाही. आवळल्यावर पदर एकमेकांवर चढलेले दिसले तर कापून पुन्हा मारा. शेपूट तांदळाच्या दाण्याएवढी ठेवा, अगदी मुळापाशी कापू नका.

फ्रॉगच्या रबरी झालरी फासात अडकतात, म्हणून सुरुवातीलाच फास मोठा घ्या. वैताग आला तर युनी गाठ मारा, फक्त डोळ्यातून लाइन दुहेरी न्या. तीही ब्रेडेडवर चांगली टिकते.

विश्वास ठेवू नका, करून बघा. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा दोन-चारशे रुपयांत मिळतो. गळाचं टोक मोडून तो काट्याला अडकवा, लाइन लाकडी दांडक्याला दहा-बारा वेढे देऊन ओढा. हाताला गुंडाळून ओढू नका. माझ्या करंगळीवर अजून वण आहे. मी एका पावसाळी रविवारी ओट्यापाशी बसून हे केलं. माझी क्लिंच पाकिटावरच्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतही पोचली नाही, पालोमार बरीच पुढे गेली. बायकोने एवढंच विचारलं की यातून मासे कधी येणार.

तोच काटा ड्रॅग, म्हणजे ओढ लागल्यावर लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक, लावायलाही वापरा. उघड्या पाण्यात लाइनच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर रीळ सुटलं पाहिजे. गवतात मात्र जवळजवळ बंद ठेवा, कारण तिथे मरळीला दोन फूट दिले तरी ती गेली. आणि एक लपलेली भानगड: ब्रेडेड उघड्या धातूच्या रिळावर थेट गुंडाळली असेल तर सगळी गुंडाळीच रिळाभोवती गरगर फिरते. तुम्हाला वाटतं ड्रॅग सुटतोय. तळाला आठ-दहा मीटर नायलॉन गुंडाळा, त्याच्यावर ब्रेडेड.

लीडर कुठे हवा तेही सांगतो, कारण मरळीवरून शिवड्यावर जायला वेळ लागत नाही. शिवड्याचं तोंड भलं मोठं, आत बारीक दातांची कानस असते. तो एका झटक्यात कापत नाही, झुंज लांबली की घासत बसतो. तिथे ५०-६० पौंडाच्या साध्या नायलॉनचा हातभर लीडर लावा. शिंगट्याला आणि वामीला एवढा नको, ३० पुष्कळ झाला, पण वाम दगडात शेपूट अडकवून बसते, तेव्हा घासायला टिकेल असा जाडच घ्या. ब्रेडेड आणि नायलॉन जोडायला लोक एफजी गाठीची शिफारस करतात. ती बारीक होते, रॉडच्या कड्यांतून सुळकन जाते, पण वाऱ्यात, काठावर, घामट हातांनी ती नीट बांधणारे थोडेच. दोन युनी समोरासमोर मारा: ब्रेडेडचे आठ वेढे, नायलॉनचे चार. मग ओढून एकमेकींना भिडवा. गाठ जाडसर होते, म्हणून लीडर एवढाच ठेवा की फेकताना गाठ रॉडच्या टोकाच्या बाहेर राहील.

आमिषाच्या गळासाठी मी गाठ शिकलो ती आमच्याकडच्या एका भोई आजोबांकडून. त्यांच्या गळाला डोळाच नसायचा, बूड चपटं ठोकलेलं. तंगूस दांड्याला समांतर धरून त्यावर सात-आठ घट्ट वेढे द्यायचे, शेवट फासातून ओढायचा. चपटं बूड वेढ्यांना निसटू देत नसे. पुढे कळलं की हिलाच स्नेल म्हणतात. डोळ्याच्या गळालाही ती चालते, आणि ओढ दांड्याच्या सरळ रेषेत लागते म्हणून गळ नीट रुततो.

महसीर तुमच्या प्रश्नात नाही, पण कोणीतरी खाली विचारेलच. त्याच्या तोंडात दात नसतात, असतात ते घशात, आणि ते गळ वाकवतात. लाइन मात्र तो खडकावर तोडतो, त्यामुळे इथे जाड नायलॉनचा चांगला दोन मीटर लीडर. आपल्या दख्खनी महसिराचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ साली केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज तिथल्या एखाद्या पुलावर उभं राहून ती नदी बघा. महसीर मिळाला तर गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवलेला असू द्या आणि मासा पाण्यातच सोडा. महाडजवळच्या वाळण कोंडीसारख्या ठिकाणी तो देवाचा मासा आहे, तिथे गळ काढूच नका.

तीच गोष्ट मरळीची. पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यावर बुडबुडताना दिसला की फ्रॉग फेकायचा मोह होतो, कारण खालचा मासा हमखास उडी मारतो. तो भुकेने नाही, पिल्लं राखायला मारतो. तो गेला की घोळका इतर मासे फस्त करतात. आणि तलाव ठेक्यावर असेल तर ज्या सोसायटीकडे ठेका आहे तिला विचारूनच बसा.

एवढं करूनही तुटली तर रॉडच्या कड्या तपासा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून आतल्या बाजूने फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तडा आहे, आणि तो तडा दर फेकीला तुमची लाइन तासतो. माझ्या एका रॉडच्या टोकाच्या कडीत अशी केसाएवढी चीर निघाली. दोन हंगाम मी ब्रेडेडच्या कंपनीला शिव्या देत होतो. प्रत्येक खेपेनंतर पुढची दीड-दोन मीटर लाइन नखांच्या चिमटीतून ओढून बघा, खरबरीत लागली तर कापून टाका आणि तो तुकडा खिशात घालून घरी आणा. भिगवणला एका बगळ्याच्या पायातून गुंतलेला तंगूस सोडवायला आम्हाला अर्धा तास लागला होता, आणि त्याने चोच मारली ती वेगळीच.