आनंद झाला की भीती वाटते

"हा प्रभूचा आनंद आहे की माझा आजार पुन्हा वर येतोय, कसं ओळखायचं?" बायपोलर (कधी उन्माद, कधी उदासी आणणारा मनाचा आजार) असलेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की उपासनेविषयी बोलता बोलता कुणी अडखळलं तर पुढे काय येणार ते मला कळतं. घरचेही तेच विचारतात, फक्त त्यांच्या बाजूनं: "ती रात्री प्रार्थनेला बसली की आमच्या पोटात गोळा येतो."

ऐरोलीच्या एका बाईंची हकिकत सांगते. तपशील बदललेत; त्यांना एस्तेर म्हणू. संडे स्कूलच्या शिक्षिका, गळा गोड. उन्मादाच्या काळात रात्र रात्र न झोपता प्रार्थना, मंडळीतल्या लोकांना पहाटे फोन, हातातल्या सोन्याच्या बांगड्या एका अनोळखी प्रचारकाला दान. पुढे ॲडमिट, मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध, आणि हळूहळू स्थिरता. माझ्याकडे आल्या तेव्हा आजार आटोक्यात होता, पण गाणं बंद पडलं होतं. रविवारी शेवटच्या बाकावर ओठ मिटून बसायच्या. घरी नुसतं गुणगुणल्या तरी नवरा विचारायचा, "गोळी घेतलीस ना?"

"ताई, उदासीचं मला काही वाटत नाही, ती माहितीची आहे. मी घाबरते ती आनंदाला."

माझा भर पहिल्यापासून दिनक्रमावर. बालपण उकरण्याआधी मी झोपेची वही मागते. काही सहकारी हसतात, हसोत. एस्तेरची वही उत्तम होती. महिनोन्‌महिने साडेदहाला झोप, सहाला जाग. ती मी त्यांच्यासमोर ठेवली.

"पण लिहिणारी मीच ना? तेव्हाही मला वाटत होतं, मी अगदी ठीक आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वाटेनं जाऊन आलेल्या माणसाकडेच ते असू शकत होतं. ठाण्यात एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी उदासीनता आणि बायपोलर असलेल्यांचा आधारगट भरतो. सुरुवातीला त्याची घडी बसवायला मी मदत केली होती. आता तो तेच चालवतात, मी अधूनमधून जाते. स्तोत्र वाचायचं, मग ज्याला बोलावंसं वाटेल त्यानं बोलायचं. आजारामागचं पाप कुणी शोधायचं नाही, गोळ्यांच्या डोसवर कुणी बोलायचं नाही, आणि विचारल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही. शेवटचा नियम सगळ्यात जास्त वादानंतर झाला.

एस्तेर पहिल्यांदा बोलल्या तेव्हा मी होते. "गेल्या रविवारी गाणं ऐकताना भरून आलं. आनंदानंच. घरी गेल्यावर रात्रभर धाकधूक."

रेल्वेतून निवृत्त झालेले, वर्षानुवर्षं हाच आजार सांभाळणारे एक काका म्हणाले, "रात्रभर म्हणजे? झोपलीस किती वाजता, बेटा?"

"अकराला."

"उठलीस?"

"सहाला."

"बांगड्या हातात आहेत?"

हॉल हसला. एस्तेरनी मनगटाकडे पाहिलं आणि त्याही हसल्या. काका म्हणाले, "मग तो आनंद तुझाच. मी त्या दिवसांत घर विकायला निघालो होतो. मला विचार."

नवरा विचारत होता तेही याहून वेगळं नव्हतं. पण त्याच्या तोंडी ती पाळत होती. काकांनी विचारलं तेव्हा सोबत झाली. त्याच वेळी मला कळलं, की आनंद खरा की खोटा हा वाद घालण्यात अर्थ नाही. झोप, पैसा आणि बोलण्याचा वेग, एवढं पाहायचं. भक्तीचा आनंद झोपून उठल्यावरही टिकतो. उन्मादाला झोप नकोशी वाटते, तीन तासांत माणूस ताजातवाना, आणि अडवलं की चिडतो.

म्हणून मोठं दान, राजीनामा, "मला बोलावणं आलंय" असे निर्णय दोन रात्री नीट झोपून आणि दोन भरवशाच्या माणसांना विचारून घ्या. सलग दोन रात्री झोप कमी होऊनही थकवा नसेल तर डॉक्टरांना फोन करा, कितीही प्रसन्न वाटत असलं तरी. घरच्यांनी गोळीचं दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी विचारावं.

उपवासाचं वेगळं सांगायला हवं, कारण राखेच्या बुधवारी ख्रिस्ती उपवासकाळ सुरू झाला की याविषयीचे फोन वाढतात. लिथियम घेणाऱ्यानं निर्जळी उपवास करू नये. पाणी आणि मीठ कमी पडलं की रक्तातली पातळी चढते. हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेतल्यानंही तेच होऊ शकतं. पातळीची तपासणी रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी करतात. उपवास करायचाच असेल तर मोबाइलचा करा. हे गटातल्याच एका तरुणानं सुचवलं आणि पाळकांनाही पटलं.

गोळी म्हणजे अविश्वास, असं अजून वाटणाऱ्यांना मी 1 राजेचा 19 वा अध्याय उघडायला लावते. एलीया झाडाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. दिनक्रमाच्या बाजूनं इतका भक्कम साक्षीदार मला दुसरा मिळालेला नाही!

एस्तेर आता तिसऱ्या बाकावर असतात. मोठ्यानं गातात का, मी विचारलेलं नाही. नवराही एकदा गटात येऊन बसला. "ठाण्याला नेलं" म्हणून नातेवाइकांनी केलेली चेष्टा त्यानं तिथं पहिल्यांदा बोलून दाखवली. इथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं. विनोदही जवळपास तेवढाच जुना असावा.

असा गट शोधताना फादरांना किंवा पाळकांना आधी विचारा, तिथे औषधांबद्दल काय बोललं जातं. "सोडून बघ, विश्वास ठेव" असं ऐकू आलं तर दुसरा गट बघा. आणि कुणी जीव नकोसा झालाय म्हणालं, तर प्रार्थना त्याच्या शेजारी बसूनच करा, त्याला एकटं सोडू नका, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तेव्हाच फिरवा.