लाल टेस्टमध्ये शोधू नका, हिरव्या टेस्टमध्ये शोधा

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीची मीच समोर आले. तुमच्याकडे लॅपटॉपवर सगळ्या एंड-टू-एंड टेस्ट (ब्राउझरमधून अख्खं ॲप वापरून बघणाऱ्या) हिरव्या, म्हणजे पास. सीआयवर (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) शेवटच्या आठ-दहा लाल, म्हणजे नापास, त्याही रोज वेगळ्या. बहुतेकींचा एरर 'बटण सापडलं नाही, वेळ संपली' आणि अधूनमधून सर्व्हरच्या लॉगमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसचं ते 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी', म्हणजे कनेक्शनांची मर्यादा भरली. शेवटी तुम्ही लिहिलंय की आता रिट्राय (पडलेली टेस्ट पुन्हा चालवायच्या खेपा) २ वरून ४ करून बघणार आहात. तेवढं मात्र करू नका. बाकीचं वाचायचा कंटाळा आला तरी चालेल.

पासवर्ड, पोर्ट, मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) हे सगळं सोडून देते. तिथे चूक असती तर एकही टेस्ट पास झाली नसती.

मी काय केलं ते सांगते. आधी रिट्राय वाढवले. दोन दिवस बिल्ड हिरवी राहिली, मी खूश. मग पुन्हा लाल, म्हणून ॲपचा कनेक्शन पूल (डेटाबेसशी जोडलेल्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा) १० वरून ४० केला. आमच्याकडे टेस्ट चार शार्डमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या गटांत) चालायच्या, प्रत्येक शार्डचा आपापला ॲप-सर्व्हर, आणि डेटाबेस मात्र सगळ्यांना मिळून एकच. म्हणजे चार गुणिले चाळीस, एकशे साठ कनेक्शनची भूक. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी (डेटाबेसच्या मुख्य ॲडमिनसाठी) राखीव, आपल्या वाट्याला ९७. तोवर टेस्ट नुसत्या लटकत होत्या. पूल वाढवल्यावर 'टू मेनी क्लायंट्स' हा नवा एरर मी स्वतःच्या हाताने घरात आणला.

मग मर्यादाच वाढवून घेऊ म्हणून डेटाबेस सांभाळणाऱ्या आमच्या अंतर्गत विभागाकडे गेले. कुठला विभाग ते सांगत नाही, त्यातले काहीजण अजून भेटतात. तिकीट टाकलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: 'आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे', सोबत सीपीयूचा आलेख. अहो, सीपीयू सुरळीतच असणार! रिकामी बसलेली कनेक्शनं सीपीयू खात नाहीत, जागा अडवतात. मी लिहिलं, निदान कोण कनेक्शनं धरून बसलंय ते तरी बघू द्या. त्यावर 'मॉनिटरिंगची परवानगी' नावाचा वेगळा फॉर्म, त्यावर दोन सह्या, त्यातली एक रजेवरच्या माणसाची. सोळा दिवस गेले. त्या सोळा दिवसांत टीममधल्या प्रत्येकाला 'लाल दिसली तर पुन्हा चालव' ही सवय लागली आणि दोन खरे बग त्या गर्दीत मुख्य कोडमध्ये मर्ज होऊन पुढे गेले.

आता माझं पाप ऐका. त्या परवानगीची मला गरजच नव्हती. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' नावाचा व्ह्यू आहे, म्हणजे चालू कनेक्शनांचा तक्ता. साध्या यूजरला त्यात इतरांच्या क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) दिसत नाहीत, पण स्वतःच्या यूजरने उघडलेली सगळी कनेक्शनं क्वेरीसकट दिसतात. आमचे चारही सर्व्हर टेस्टच्या एकाच यूजरने जोडले जायचे. म्हणजे जे बघायचं ते सगळं पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर उघडं होतं आणि मी सह्या गोळा करत फिरत होते.

शेवटी एका संध्याकाळी बिल्ड चालू असतानाच त्या व्ह्यूवर सिलेक्ट (वाचायची क्वेरी) मारला. स्टेट, स्टेट चेंज (स्थिती शेवटची कधी बदलली) आणि क्वेरी, एवढे तीन कॉलम पुरतात. ओळीच्या ओळी 'आयडल', म्हणजे रिकाम्या बसलेल्या. कोणी ११ मिनिटांपासून, कोणी १८. आणि सगळ्यांची शेवटची क्वेरी एकच, कूपन तपासण्याची.

इथे एक बारकावा आहे. आमचं ॲप नोडवर, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर, आणि पूल 'पीजी' लायब्ररीचा. हा पूल परत आलेलं कनेक्शन मूळ सेटिंगवर १० सेकंद रिकामं ठेवतो आणि मग बंद करतो. मग १८ मिनिटं रिकामं बसलेलं कनेक्शन आलं कुठून? ते पुलाकडे परत गेलेलंच नाही. कोणीतरी मागून घेतलं आणि सोडायचं विसरलं.

कोड उघडला. पुलाकडून क्लायंट (म्हणजे एक कनेक्शन) घेतला, कूपन शोधलं, नाही सापडलं तर 'अवैध कूपन' म्हणून तिथूनच रिटर्न. रिलीज, म्हणजे कनेक्शन परत करणारी ओळ, त्याच्या चार ओळी खाली. वर आमची स्क्रीन दर अक्षराला कूपन तपासायची. टेस्ट आठ अक्षरांचं खरं कूपन एकेक अक्षर टाइप करत होती, म्हणजे सात अपुरे तुकडे, सात वेळा 'अवैध' आणि सात कनेक्शनं कायमची गेली. आठव्या अक्षराला कूपन बरोबर, टेस्ट हिरवी! चोर पास होत होता आणि त्याच्यानंतर जी कोणती टेस्ट नशिबाने रांगेत यायची, ती मार खायची. म्हणून रोज वेगळ्या टेस्ट लाल. आणि कूपनचीच टेस्ट कधी अडकली तर रिट्राय तिला पुन्हा चालवून आणखी कनेक्शनं खाणार. लॅपटॉपवर हे दिसायचं नाही, कारण तिथे मी एकेक फाइल चालवायचे आणि कोड सेव्ह केला की सर्व्हर नव्याने उठायचा, पूल कोरा.

दुरुस्ती दोन ओळींची होती: रिलीज 'फायनली'मध्ये (मधूनच रिटर्न झालं तरी चालणाऱ्या भागात). खरं तर एकाच क्वेरीसाठी क्लायंट मागून घ्यायचाच कशाला, थेट पुलावर क्वेरी मारा, सोडायची जबाबदारी तो घेतो. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या क्वेऱ्या) असेल तरच क्लायंट हातात घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे याच लायब्ररीत कनेक्शन मिळायची वाट किती बघायची, याची मूळ किंमत ० आहे. शून्य म्हणजे लगेच नाही, शून्य म्हणजे अनंतकाळ. त्यामुळे पूल संपला की सर्व्हर गप्प बसतो, पान लोड होत नाही आणि टेस्ट बिचारी बटण शोधत बसते. ती मर्यादा ५ सेकंद करा, एरर जिथे आहे तिथेच फुटेल. आणि सीआयवर पूल वाढवू नका, उलट ३ वर आणा. लोक मला वेडी म्हणतात, पण गळती (परत न केलेली कनेक्शनं) असेल तर पहिल्या काही मिनिटांतच कळते. एकाच रिक्वेस्टमध्ये दोन-दोन कनेक्शनं घेणारा कोड असेल तर ३ वर तो स्वतःच अडकू शकतो, हे मान्य. पण तेही कळलेलं बरंच.

प्रत्येक शार्डच्या कनेक्शनला वेगळं 'ॲप्लिकेशन नेम' द्या, कुठला सर्व्हर ते ओळीतच दिसतं. आमच्याकडे नव्हतं, म्हणून मला पोर्ट जुळवत बसावं लागलं.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की कधीकधी पहिलीच टेस्ट 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणून पडते. ते दुखणं वेगळं, त्याची सरमिसळ करू नका. डॉकर कंपोझमधलं (कंटेनर, म्हणजे वेगळ्या डब्यांतले प्रोग्रॅम, एकत्र उठवणाऱ्या साधनातलं) साधं 'डिपेंड्स ऑन' कंटेनर सुरू झाला एवढंच बघतं, आतला डेटाबेस तयार झाला का ते नाही. हेल्थचेक लावून 'सर्व्हिस हेल्दी'ची अट घाला. त्यातही गंमत आहे. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (कंटेनरचा तयार साचा) पहिल्यांदा उठताना एक तात्पुरता सर्व्हर फक्त सॉकेटवर (नेटवर्कशिवाय, आतल्या आत) चालवते, सुरुवातीच्या स्क्रिप्ट उरकते आणि तो बंद करून खरा सर्व्हर सुरू करते. तुमचं 'पीजी इज रेडी' (डेटाबेस तयार आहे का ते बघणारी आज्ञा) सॉकेटवरून विचारत असेल तर त्या तात्पुरत्यालाच 'तयार' समजून बसतं. त्या आज्ञेला होस्ट म्हणून १२७.०.०.१ द्या. नोड १७ पासून 'लोकलहोस्ट'चा अर्थ कधीकधी आयपीव्ही६ चा पत्ता असा लागतो, म्हणून ॲप 'लोकलहोस्ट' नावाने जोडत असेल तर तिथेही १२७.०.०.१ लिहा, तो घोळ टळतो.

माझा अनुभव नोड आणि पोस्टग्रेसपुरता. मायएसक्यूएलवर मूळ मर्यादा १५१ आहे, बाकी हिशोब तोच. जावावाल्या एका मित्राकडे तर गळती नव्हतीच: स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या टेस्ट ३२ कॉन्टेक्स्टपर्यंत (ॲपच्या उभ्या केलेल्या प्रती) कॅशमध्ये जिवंत ठेवतात आणि प्रत्येकाचा हिकारी नावाचा कनेक्शन पूल १० चा. गुणाकार तुम्हीच करा.

आधी रिट्राय शून्य करा, बिल्ड चालू असताना तो सिलेक्ट मारा आणि सगळ्यात जुन्या 'आयडल' ओळींची शेवटची क्वेरी इथे टाका. ओळी 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसल्या तर तसं लिहा, मग कमिट (पक्कं करणं) किंवा रोलबॅक (रद्द करणं) कुठे राहिलाय ते शोधावं लागेल.