वर्गात मागे बसल्यामुळे मार्क खरंच कमी पडतात का?

तुम्ही लिहिलंय की तासगावहून रोज एसटीनं सांगलीला येता, पोचेपर्यंत पुढचे बाक भरलेले असतात आणि वर्षभर शेवटचाच बाक नशिबी येतो. मित्र म्हणतात, ज्याला शिकायचंय तो कुठेही बसून शिकतो. मी सांगलीतच एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तुमच्या मित्रांचं म्हणणं मला पटत नाही.

पूर्वी पटायचं. हुशार पोरं पुढे, टाळाटाळ करणारी मागे, असंच मीही धरून चालले होते. मग एकदा एस.वाय.च्या वह्या तपासताना काही वह्यांत एक्सच्या डोक्यावरची आडवी रेघच सापडेना. ती रेघ म्हणजे सरासरी. ती गेली की सूत्राचा अर्थच जातो. वह्या कोणाच्या ते पाहिलं, तर सगळ्या मागच्या तीन बाकांवरच्या. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तेच सूत्र फळ्यावर ठेवून मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन फळ्यावर चकाकत होतं, डोक्यावर पंखा खडखडत होता. रेघ मलाही दिसली नाही. पोरांनी दिसलं ते इमानानं उतरवलं होतं, आणि मी त्यांचे मार्क कापले होते. ते अजून मनाला लागतं.

आता, मागे बसल्यामुळे पोरं मागे पडतात की मागे पडणारीच मागे बसतात? हे कळायला जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून द्यायला हव्यात. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात कॅथरीन पर्किन्स आणि नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी भौतिकशास्त्राच्या मोठ्या वर्गात तेच केलं. निम्मं सत्र झाल्यावर पुढच्यांना मागे आणि मागच्यांना पुढे बसवलं. तरीही सत्राच्या सुरुवातीला मागे बसलेल्यांत नापास होण्याचं प्रमाण पुढच्यांच्या जवळपास सहापट निघालं. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. मला यातली अदलाबदलीची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिल्या काही आठवड्यांत तुटलेला धागा नंतर पुढे बसूनही सहज जुळत नाही. पुढे जीवशास्त्राच्या एका वर्गात असाच प्रयोग झाला, तिथे मार्कांत फरक दिसला नाही. म्हणजे वर्ग कसा आहे, शिकवणारा काय करतो, यावरही बरंच अवलंबून आहे. त्यामुळे तुम्ही घाबरून जाऊ नका.

आवाजाचं गणित साधं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलनं उतरतो. खोलीत भिंती थोडं सावरून घेतात, पण तेवढ्यात पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्न त्यावर स्वार होतात. शिवाय शिक्षकाची नजर आपसूक पुढच्या आणि मधल्या बाकांवर फिरते, प्रश्नही तिथेच विचारले जातात. माझंही तसंच व्हायचं.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइकनर यांनी सात फुटी गोल टेबलं मांडली, एका टेबलाभोवती नऊ जण. शिक्षक मधून फिरतो, त्यामुळे मागचा बाक असा उरतच नाही. आपल्याकडे शंभरावर पोरं आणि जमिनीला बोल्ट मारलेले बाक, तिथे ते कुठून जमणार? पण उदाहरण सोडवताना एकाआड एका बाकावरच्यांना मागे वळायला सांगितलं की चौघाचौघांचे गट होतात. एवढ्यानंसुद्धा मागची पोरं बोलायला लागतात.

माझ्या वर्गाचं दार फळ्याच्या बाजूला आहे. उशिरा येणारा सगळ्यांच्या नजरा झेलत पार मागे जायचा. म्हणून दाराजवळचे दुसरा आणि तिसरा हे दोन बाक मी एसटीनं येणाऱ्या पोरांसाठी मोकळे ठेवायला लागले, आणि बाकीच्या रांगा दर सोमवारी सरकवते. सुरुवातीला पुढच्या बाकावरच्या मुली नाराज झाल्या. त्यांना मी शेवटच्या बाकावर नेऊन फळा दाखवला.

तुम्ही तुमच्या सरांना किंवा मॅडमना तास संपल्यावर एकटं गाठून हेच मागा: "सर, गाडी उशिरा पोचते, दाराजवळ दोन बाक ठेवाल का?" तक्रार म्हणून नको, अडचण म्हणून सांगा. तोवर मागेच बसावं लागलं तर कोपरा टाळून मधल्या रांगेत बसा, आणि पुढे बसणाऱ्या एखाद्याच्या वहीशी आपली वही त्याच दिवशी ताडून पाहा. विशेषतः सूत्रं, त्यातल्या बारीक खुणांसकट.